दगडाच्या भुकटीवरचा थर

प्लॅस्टिकची खुर्ची, शेतातला पीव्हीसी पाइप, धान्याचं विणलेलं पोतं, मोटारीचा बंपर. या सगळ्यांत प्लॅस्टिकच्या जोडीला दगडही असतो. पिठाहून बारीक दळलेला दगड. बहुतेकदा कॅल्साइट किंवा संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मोटारीच्या भागांत टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. कुठे अभ्रक, कुठे सुईसारख्या कणांचं वोलॅस्टोनाइट. आपल्याकडे यातला बराच माल राजस्थानातून येतो. कारखान्यात या सगळ्याला एकच नाव, फिलर.

प्लॅस्टिकमध्ये दगड म्हटलं की पहिला संशय भेसळीचा येतो, आणि काही मालाच्या बाबतीत तो खराही असतो. पण योग्य भुकटी योग्य प्रमाणात पडली तर प्लॅस्टिकला जे गुण मुळात नाहीत ते मिळतात. पॉलिप्रॉपिलीन एरवी लवचीक. भुकटीने ते ताठ होतं, साच्यातून निघाल्यावर कमी आकसतं, उन्हात तापल्यावर कमी वाकतं. स्वस्ताईचा हिशेब मात्र दिसतो तितका सरळ नाही. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या ०.९ पट, कॅल्साइटची २.७ पट. शंभर किलो मिश्रणात चाळीस किलो भुकटी असली तरी आकारमानाने ती जेमतेम १८ टक्के भरते. कच्चा माल किलोवर घेतला जातो आणि खुर्ची नगावर विकली जाते. त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक किलो प्लॅस्टिकच्या जागी तीन किलो भुकटी ओतावी लागते, आणि त्याच साच्यातली खुर्ची एक तृतीयांशाहून अधिक जड होते. भुकटी कितीही स्वस्त असली तरी केवळ पैसे वाचवायला ती घालणाऱ्याने हे गणित आधी कागदावर करावं.

खरा प्रश्न पुढचा आहे. दगड आणि प्लॅस्टिक यांचं मुळात पटत नाही. ते पटवून देण्याचं काम कणावरचा एक अतिशय पातळ थर करतो. दगड तोच, प्लॅस्टिक तेच. थर बदलला की वस्तूचा स्वभाव बदलतो.

पटत का नाही ते पाहू. दळलेल्या कॅल्साइटचा पृष्ठभाग ‘भुकेला’ असतो. आतल्या कॅल्शियम आणि कार्बोनेट आयनांना चारी बाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्यांना एका बाजूने नसतात. ती उणीव भरून काढायला ते हवेतली वाफ ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. ही ओढ मोजता येते, तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. उघड्या कॅल्साइटची पृष्ठऊर्जा चौरस मीटरमागे दोनशे मिलिज्यूलच्या आसपास, तर पॉलिप्रॉपिलीनची तीसच्या आसपास. इतकी तफावत असली की वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये कण सुटे होऊन पसरण्याऐवजी एकमेकांनाच धरून राहतात आणि गुठळ्या होतात. गुठळीच्या पोटात प्लॅस्टिक शिरतच नाही. वस्तूवर ताण आला की पहिली चीर तिथूनच पडते. जोडीला भुकटीने ओढलेली ओल असते. प्लॅस्टिक वितळवून ढकलणाऱ्या यंत्रात, म्हणजे एक्स्ट्रूडरमध्ये, दोनशे अंशांच्या वर तिची वाफ होते, आणि मालावर चंदेरी रेघा उमटतात किंवा आत बुडबुडे राहतात.

या पृष्ठभागाचा आवाका किती, हे डोळ्यांसमोर आल्याशिवाय थराचं मोल कळत नाही. प्लॅस्टिकसाठी दळलेल्या चांगल्या कॅल्साइटचे कण सरासरी एक ते तीन मायक्रॉनचे असतात. अशा एका ग्रॅम भुकटीचं पृष्ठफळ पाच चौरस मीटर धरू. म्हणजे एका किलोचं पाच हजार चौरस मीटर, सव्वा एकर. पंचवीस किलोच्या एका गोणीत एकतीस एकर पृष्ठभाग दडलेला असतो. आणि हा सगळा पृष्ठभाग झाकायला लागतं साधारण तीनशे ग्रॅम स्टिअरिक ॲसिड.

हा आकडा आला कुठून, तेही सांगतो, कारण याच गणितावर हा व्यवसाय चालतो. स्टिअरिक ॲसिड म्हणजे अठरा कार्बन अणूंची लांब साखळी. साबण आणि मेणबत्तीवाल्यांच्या ओळखीचा पांढरा, मेणचट पदार्थ. त्याचं एक टोक आम्लाचं, बाकी सगळं शेपूट तेलासारखं. आम्लाचं टोक कॅल्साइटवरच्या कॅल्शियमला धरतं आणि तिथे कॅल्शियम स्टिअरेट बनतं. शेपटं बाहेरच्या बाजूला उभी राहतात. अशी उभी राहिलेली प्रत्येक साखळी ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेते. यावरून एका चौरस मीटरला अडीच मिलिग्रॅमच्या आतबाहेर स्टिअरिक ॲसिड पुरतं. भुकटीचं पृष्ठफळ पाच चौरस मीटर असेल तर तिच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. वीस चौरस मीटरची अतिबारीक भुकटी असेल तर चार-पाच टक्के. थराची जाडी अडीच नॅनोमीटर, म्हणजे अठरा कार्बनांच्या एका साखळीच्या उंचीइतकी. इतक्याने कणाची पृष्ठऊर्जा दोनशेवरून चाळीसच्या घरात उतरते. आता प्लॅस्टिकला तो परका वाटत नाही.

कारखान्यात हे काम तेलाच्या मोहनासारखं चालतं. कोरड्या पिठात गरम तेल चोळलं की प्रत्येक कणाला त्याचा हात लागतो आणि पुढे पाणी त्याला सहज धरू शकत नाही. पीठ आधी भिजवून वरून तेल ओतलं तर तो परिणाम साधत नाही. इथेही क्रम महत्त्वाचा. भुकटी आधी हाय-स्पीड मिक्सरमध्ये घालतात. पाती इतक्या वेगाने फिरतात की नुसत्या घर्षणाने भुकटी शंभर अंशांच्या वर तापते आणि धरलेली ओल निघून जाते. मग स्टिअरिक ॲसिड पडतं. शुद्ध स्वरूपात ते ६९ अंशांच्या सुमारास वितळतं. बाजारातल्या मालात पामिटिक ॲसिडही असल्याने तो त्याआधीच पातळ होतो. काही मिनिटं जोरात घुसळलं की ते एका कणावरून दुसऱ्यावर पसरतं. शेवटी भुकटी थंड करणाऱ्या मिक्सरमध्ये उतरवतात. गरम गोण्या भरल्या तर आत गठ्ठे बनतात. ही सुकी पद्धत. चुना कालवलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून जे अवक्षेपित कार्बोनेट तयार करतात, त्याचा थर मात्र ओल्या अवस्थेतच चढवतात: पाण्यातल्या कणांवर साबणासारखं विरघळणारं स्टिअरेट सोडायचं, गाळायचं आणि सुकवायचं.

थर बसला की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर भुकटी टाकावी. कोरी भुकटी भिजून तळाला जाते आणि पाणी गढूळ होतं. नीट थर चढलेली भुकटी ढवळली तरी वर तरंगत राहते, खाली पाणी स्वच्छ. पाण्यापेक्षा पावणेतीनपट जड असलेला दगड वर राहतो तो फक्त त्या अडीच नॅनोमीटरमुळे. माल घेताना ही चाचणी करावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. भुकटी तरंगते म्हणजे ती पाण्याला झिडकारते, एवढंच कळतं. थर अर्धवट आहे की गरजेपेक्षा जास्त, हे कळत नाही.

जास्तीचा त्रास कमीच्या त्रासाइतकाच खरा आहे. पहिला थर पुरा झाला की उरलेलं ॲसिड कुठेच घट्ट बसत नाही. ते सुटं राहून वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये वंगणासारखं फिरतं, एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी, म्हणजे डायवर, साचतं, धूर करतं, मालाच्या पृष्ठभागावर येऊन छपाईची शाई धरू देत नाही. ‘थोडं जास्त टाकलं तर काय बिघडलं’ ही वृत्ती इथे चालत नाही. दर गोणीमागे किती हे भुकटीच्या पृष्ठफळावरून ठरतं, अंदाजाने नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याच ठिकाणी बरेच जण चुकीची समजूत करून घेतात. थर चढवला की प्लॅस्टिक ‘मजबूत’ होतं असं सरसकट म्हटलं जातं. पण मजबुती ही एक गोष्ट नाही. ताठपणा वेगळा, ताणून तुटण्याला होणारा विरोध वेगळा, आणि आपटल्यावर न फुटण्याची चिवटाई तिसरीच. स्टिअरिक ॲसिडचा थर या तिघांशी तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतो.

ताठपणा मोजताना वस्तू अगदी किंचित ताणतात. तेवढ्या ताणात कण आणि प्लॅस्टिक एकमेकांना सोडत नाहीत, थर असो वा नसो. म्हणून ताठपणा ठरतो तो भुकटी किती आहे आणि तिच्या कणांचा आकार कसा आहे यावर. ताण वाढवला की गोष्ट बदलते. गोलसर कणाच्या ज्या दोन टोकांना ताणाची दिशा भिडते तिथे ओढ सगळ्यात जास्त असते. स्टिअरेटची शेपटं प्लॅस्टिकच्या साखळ्यांत गुंततात थोडी, पण पक्की गाठ मारत नाहीत. कणाच्या दोन्ही टोकांशी प्लॅस्टिक सुटून येतं आणि बारीक पोकळी पडते. त्यामुळे ताण सोसण्याची मर्यादा थोडी घटते. नुसत्या या आकड्याकडे पाहणारा म्हणेल, थराने नुकसान केलं.

आपटण्याच्या चाचणीत मात्र याच सुटण्याचा फायदा होतो. हजारो कणांभोवती एकाच वेळी पोकळ्या पडल्या की त्यांच्यामधल्या प्लॅस्टिकवरचा चहूबाजूंचा ताण मोकळा होतो, आणि तुटण्याऐवजी ते ताणलं जातं. चिरेच्या टोकाशी जमलेली ऊर्जा या ताणण्यात खर्च होते. निळ्या किंवा लाल रंगाची जाड पॉलिप्रॉपिलीनची वस्तू वाकवली की वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते. भुकटीवाल्या मालात ती रेघ म्हणजे बव्हंशी या सूक्ष्म पोकळ्याच. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो.

हे इतक्या नेमकेपणाने कळलं ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९९ मध्ये झ्बिग्निएव बार्टचाक, अली आर्गॉन आणि रॉबर्ट कोहेन यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी एचडीपीईमध्ये, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिलीनमध्ये, स्टिअरेटचा थर दिलेलं कॅल्शियम कार्बोनेट मिसळलं. शेजारच्या दोन कणांमधली प्लॅस्टिकची भिंत सरासरी ०.६ मायक्रॉनपेक्षा पातळ झाली की तेच प्लॅस्टिक एकदम चिवट होतं, असं त्यांना दिसलं. त्यापेक्षा जाड राहिली तर नाही. दगडाने प्लॅस्टिक ठिसूळच व्हायचं, ही जुनी समजूत यामुळे अपुरी ठरली. पण अट कडक आहे: कण बारीक हवेत, सुटे हवेत, आणि वेळेवर प्लॅस्टिकला सोडणारे हवेत. गुठळ्या राहिल्या तर हा सगळा हिशेब कोसळतो, कारण एक मोठी गुठळी म्हणजे तयार चीरच. म्हणूनच भुकटी घेताना सरासरी आकाराइतकंच सर्वांत मोठे कण किती मोठे हे विचारायला हवं. बारीक मालात मूठभर जाड कण राहिले की चिवटाईची वाट लावायला तेवढे पुरेत.

सुटून येण्याचा हा गुण एका वस्तूत तर मुद्दाम वापरला जातो, आणि या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा उपयोग तोच आहे. बाळांच्या डायपरची बाहेरची फिल्म ओल बाहेर येऊ देत नाही, पण वाफ जाऊ देते, त्यामुळे आतली कातडी कोंदत नाही. ही फिल्म बनवताना पॉलिथिलीनमध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, थर दिलेलं कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. आधी साधी फिल्म काढतात, मग ती रुळांच्या जोड्यांमधून ताणतात. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते. ताणताना प्लॅस्टिक प्रत्येक कणापासून सुटतं, कणाभोवती पोकळी उघडते, आणि शेजारच्या पोकळ्या एकमेकींना मिळून फिल्मच्या या पृष्ठापासून त्या पृष्ठापर्यंत वाकडीतिकडी वाट तयार होते. वाफेचे रेणू त्या वाटेने जातात. पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही, कारण छिद्रं फार बारीक आहेत आणि भिंती पाण्याला झिडकारणाऱ्या. इथे कणाने प्लॅस्टिक घट्ट धरून ठेवलं असतं तर वस्तूच बनली नसती.

पण काही ठिकाणी धरून ठेवणंच हवं असतं. तिथे स्टिअरिक ॲसिड उपयोगाचं नाही. तिथे दुसऱ्या कुळातला थर लागतो.

१९४० च्या दशकात काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझीन यांचं नवं मिश्रण अमेरिकेत वापरात आलं. कोरडं असताना ते उत्तम, पण ओल लागली की बळ झपाट्याने जाई. काचेच्या पृष्ठभागावर पाणी शिरून रेझीनला सोडवत होतं. १९४७ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात राल्फ विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी काचेवर वेगवेगळी सिलेनं, म्हणजे सिलिकॉनची संयुगं, लावून पाहिली. ज्या सिलेनच्या शेपटीला रेझीनशी जोडता येणारा दुहेरी बंध होता, त्याने बनवलेलं मिश्रण साध्या शेपटीच्या सिलेनपेक्षा सुमारे दुप्पट बळकट निघालं. पुढे डाऊ कॉर्निंगमध्ये एडविन प्लुडेमान यांनी हा विषय वर्षानुवर्षं उकलला. १९८२ चं त्यांचं पुस्तक आजही या क्षेत्रात आधार मानलं जातं.

सिलेनची रचना समजली की त्याचं काम आपोआप समजतं. मध्ये सिलिकॉनचा अणू. त्याच्या तीन हातांना पाण्याने तुटणारे गट, चौथ्या हाताला प्लॅस्टिकशी जमणारा गट. पाणी लागलं की तीन गट तुटून त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल येतात. काच, सिलिका, अभ्रक, वोलॅस्टोनाइट यांच्या पृष्ठभागावरही हायड्रॉक्सिल असतात. दोन्ही जवळ येतात, आणि तापवून सुकवलं की पाणी निघून जाऊन सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन असा पक्का रासायनिक बंध तयार होतो. चौथा हात प्लॅस्टिकनुसार निवडायचा: नायलॉन किंवा इपॉक्सीला अमिनो, पॉलिएस्टर आणि क्रॉसलिंक होणाऱ्या (साखळ्या एकमेकींना जोडल्या जाणाऱ्या) पॉलिथिलीनला व्हिनाइल किंवा मेथाक्रिल. दगडाला एक हात, प्लॅस्टिकला दुसरा. याला कपलिंग म्हणतात, आणि नुसत्या कोटिंगपासून ते वेगळं ओळखणं फार गरजेचं आहे. स्टिअरिक ॲसिड कणाला प्लॅस्टिकमध्ये नांदवतं. सिलेन त्याला प्लॅस्टिकशी बांधतं.

यातच एक सापळा आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर सिलेनला धरायला असे हायड्रॉक्सिल जवळजवळ नसतात. महागडं सिलेन कॅल्साइटवर ओतून फारसं काही हाती लागत नाही. कॅल्साइटवाल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये पकड वाढवायचीच असेल तर वेगळी युक्ती करतात: पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळ्यांवर मॅलेइक ॲनहायड्राइड कलम केलेलं प्लॅस्टिक थोडं मिसळतात. त्याचं आम्लधर्मी टोक दगडाला धरतं आणि लांब शेपूट बाकीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतून त्याच्यासोबत स्फटिक होतं. पण भुकटीवर आधीच स्टिअरिक ॲसिडचा पुरा थर असेल तर याला धरायला जागाच उरत नाही. थर दिलेली भुकटी आणि हे कलमी प्लॅस्टिक दोन्ही एकत्र घालून ‘दुप्पट फायदा’ शोधणाऱ्याला दोन्हीचा खर्च मात्र पडतो.

घट्ट पकडीची दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत. आग लागल्यावर विषारी धूर कमी करणाऱ्या केबलींच्या आवरणात ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट असतं. दोनशे अंशांच्या वर ते आपल्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के पाणी वाफेच्या रूपात सोडतं आणि ज्वाला थोपवतं. पण त्यासाठी ते वजनाने साठ टक्क्यांच्या पुढे घालावं लागतं. इतक्या दगडानंतर केबल वाकवली की तडकेल. ती तडकू नये म्हणून व्हिनाइल किंवा अमिनो सिलेनचा थर देतात. दुसरं उदाहरण टायरचं. मिशलांने १९९२ च्या सुमारास काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घातलेले टायर बाजारात आणले. सिलिका रबराला मुळीच मानत नाही. गंधकाची शेपटी असलेलं सिलेन त्या दोघांना बांधतं. मिसळतानाच सिलेनचं एक टोक सिलिकाला लागतं, आणि टायर तापलेल्या साच्यात शिजताना गंधकाचं टोक रबराला. चाक फिरताना कण एकमेकांवर कमी घासतात, वाया जाणारी उष्णता कमी होते, इंधन वाचतं, आणि ओल्या रस्त्यावरची पकडही कायम राहते.

मोटारींच्या बंपर आणि डॅशबोर्डमधलं टाल्क मात्र बऱ्याचदा कोरंच वापरलं जातं. त्याचे कण पापुद्र्यांसारखे चपटे. ताठपणा देण्याचं काम त्यांचा आकारच करतो, आणि टाल्कच्या पापुद्र्याची सपाट बाजू मुळातच पाण्याला फारशी जवळ करत नाही. जिथे आकार काम भागवतो तिथे थराचा खर्च का करावा? बंपरला लागणारी चिवटाई तर त्यात मिसळलेल्या रबरसदृश प्लॅस्टिककडून येते. थर द्यायचा की नाही हा प्रश्नही वस्तूनुसार ठरतो, रिवाजाने नाही.

म्हणून भुकटी निवडणाऱ्याने पुरवठादाराला ‘कोटेड आहे का’ एवढंच विचारून थांबू नये. पृष्ठफळ किती, थर कशाचा आणि किती टक्के, सर्वांत मोठा कण केवढा, ओल किती, हे विचारावं. तयार मालात खरोखर किती भुकटी आहे हे तपासायला नमुना ५५० ते ६०० अंशांवर जाळून उरलेली राख तोलतात. त्याहून फार वर नेलं तर कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. राखेवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कार्बोनेट फसफसतं, टाल्क नाही.

फिलर असलेली वस्तू भंगारात गेली की आणखी एक अडचण समोर येते. पुनर्वापराच्या कामात प्लॅस्टिकचे तुकडे पाण्याच्या टाकीत टाकून वेगळे करतात: पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतात, पीव्हीसी बुडतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये वजनाने साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅल्साइट असेल तर तेही बुडतं आणि पीव्हीसीच्या ढिगात जातं. कणावर कोणताही थर असला तरी त्याने घनता बदलत नाही. असा माल वेगळा गोळा करणं, किंवा वस्तूवर फिलरचं प्रमाण छापणं, हे दोन उपाय हाताशी आहेत, आणि दोन्ही वस्तू बनवणाऱ्यालाच सुरू करावे लागतील.